निपाणी बुडत नाही, पण तुटते: शहराचा आपत्तीचा धोका मोजायचा कसा?

वेदगंगाकाठ

नमस्कार मंडळी,

मृग दारात आला की नदीकाठच्या गावांत एकच बोलणं सुरू होतं, यंदा पाणी कुठवर येईल? आपल्या निपाणीत, म्हणजे कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातल्या या सीमेवरच्या शहरात, हाच प्रश्न विचारला तर ठरलेलं उत्तर मिळतं: "आपण उंचावर आहोत, आपल्याला काय भीती?" हे उत्तर मला फार दिवस सतावतंय, म्हणून हा धागा.

ऑगस्ट २०१९ आठवा. शहरातल्या बहुतेक घरांच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही. पण यमगर्णीजवळ वेदगंगा नदी हायवेवर आली आणि कोल्हापूरची वाट बंद झाली. ट्रकांच्या रांगाच रांगा. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसंच. तेव्हाच जत्राट–भिवशी, सिदनाळ–अक्कोळ, बारवाड–कुन्नूर, भोजवाडी–कुन्नूर, कारदगा–भोज, मलिकवाड–दत्तवाड हे सगळे बंधारे-पूल पाण्याखाली होते. साठ हजारांवर वस्तीचं शहर कोरडं राहिलं, पण त्याचं दूध, भाजी, डिझेल, औषधं, कामाला येणारी माणसं, दवाखान्यात जाणारे पेशंट, सगळं पाण्यापलीकडं अडकलं.

अजून एक गोष्ट. आपलं पिण्याचं पाणी यमगर्णीच्या जॅकवेलवरून उपसून जवाहर तलावात येतं. नदीला महापूर आला की पंपाची वीज बंद करावी लागते. तलावात साठा असेल तर निभावतं. पण पावसानं ओढ दिली, तलाव अर्धा राहिला आणि नंतर एकदम पूर आला, तर? २०१९ साली नेमकं असंच वर्ष होतं. उन्हाळ्यात चिकोडी-अथणीकडं कृष्णेचं पात्र कोरडं, कोयनेतून पाणी सोडा म्हणून विनवण्या, आणि ऑगस्टमध्ये त्याच नदीनं गावंच्या गावं बुडवली.

धोका मोजायचा म्हणजे तीन प्रश्न एकत्र विचारायचे. काय येऊ शकतं आणि किती वेळा? त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे? आणि वाटेत आहेत त्यांना ते कितपत सोसवेल? आपण पहिल्याच प्रश्नापाशी थांबतो. पाणी शहरात येत नाही, विषय संपला. माझं म्हणणं असं की निपाणीसाठी आधी हे मोजायला हवं: शहर किती दिवस तुटून राहू शकतं आणि तेवढ्या दिवसांत कोणत्या गल्लीत कोणाचं काय अडेल. पावसाआधी हा नकाशा तयार करायचा आहे. ज्याला जे माहीत आहे ते लिहा.

---

कारदगेकर

दादा, बरं केलासा धागा काढून. नदीकाठच्या माणसाचा हिशेब वेगळा असतोय. आमच्याकडं पूर येतोय तो म्हाताऱ्यात म्हंजी पुष्य नक्षत्रात, न्हाईतर आसळकात म्हंजी आश्लेषात. २०२१ चा म्हाताऱ्यात आला, २०१९ चा आसळकात. मृगात कितीबी कोसळू दे, आम्ही घाबरत न्हाई, रान पाणी पितंय. जुलै निम्मा सरला, रान भरलं, धरणं भरली, आन् मग चार दिवस घाटमाथ्यावर लागला की समजायचं.

दुसरं. टीव्हीवर "राधानगरीचे दरवाजे उघडले" म्हटलं की निपाणीतनं फोन येतात, तुमच्यात पाणी येतंय का म्हणून. राधानगरीचं पाणी भोगावतीनं पंचगंगेला जातंय, तिथनं नरसोबाच्या वाडीला कृष्णेत. आमच्या दूधगंगेला पाणी काळम्मावाडी धरणाचं. वेदगंगेला पाटगाव धरणाचं, भुदरगडातलं. पण म्हणून राधानगरीशी आमचा संबंध न्हाई असंबी न्हाई. कृष्णा फुगली की दूधगंगेला पुढं जायला वाटच ऱ्हात न्हाई, पाणी मागं सरकतंय. आमच्यात पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी पाणी चढलंय ते ह्याच फुगवट्यानं.

म्हणून पेपरात तीन आकडे बघायचे. राजापूर बंधाऱ्यातनं किती क्युसेक, दूधगंगेतनं किती, आन् कल्लोळला कृष्णेत एकूण किती. पहिल्या दोघांची बेरीज म्हणजे तिसरा. कल्लोळ–येडूर पूल पाण्याखाली गेला की आमच्यात जनावरं हलवायची बोलणी सुरू होतात.

---

शहापूरकर

बेळगावहून लिहितोय. तुमचा मुद्दा आमच्याकडं उलटा लागू होतो. आमच्या शहरात मोठी नदी नाही, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहोत, तरी २०१९ साली घरांत पाणी शिरलं. कारण बळ्ळारी नाला. येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूरच्या शिवारातलं पाणी हाच नाला वाहून नेतो. पात्रात गाळ, जलपर्णी, कडेला भराव. पाणी तुंबतं आणि आधी आमचं भात कुजतं. बेळगावचा बासमती ज्या रानात पिकतो ते रान हेच. मग पाणी वस्तीत घुसतं. हलगा–मच्छे बायपासला शेतकऱ्यांचा विरोध झाला त्यात पिकाऊ जमीन जाण्याइतकाच पाणी अडण्याचाही धसका होता.

सांगायचं हे की नदी नाही म्हणजे पूर नाही असं धरू नका. निपाणीतही जवाहर तलावाचा सांडवा वाहू लागला की खालचा ओढा कुठून जातो, त्यावर किती बांधकामं झालीत, कोणत्या मोरीत कचरा अडकतो, ते चालत जाऊन बघा. तासाभरात शंभर मिलिमीटर पडला तर वेदगंगेचा संबंधच येत नाही, गटारच नदी होते.

---

वेदगंगाकाठ

शहापूरकर, पटलं. ओढ्याचा मुद्दा माझ्या यादीत नव्हता, घातला. सांडव्यापासून नदीपर्यंत चालत जाणारे दोघे-तिघे हवेत.

---

बांधकामवाला

मी स्थापत्य अभियंता आहे, चिकोडी-निपाणी भागात काम करतो. दोन-तीन गोष्टी सविस्तर लिहितो, कारण यात गैरसमज फार आहेत.

पहिला गैरसमज "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर". लोकांना वाटतं २०१९ ला येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात. तसा त्याचा अर्थ होत नाही. त्याचा अर्थ, दर वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात एक. आलेल्या वर्षानंतरच्या वर्षीही शंभरात एकच. घर बांधताना आपण तीस वर्षांचा विचार करतो. तीस वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. आणि पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची? ७० टक्क्यांवर. महाराष्ट्रात निळी पूररेषा ढोबळमानानं पंचवीस वर्षांच्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची धरतात. निळ्या रेषेच्या आत घर घेणाऱ्यानं कर्ज फिटायच्या आत पाणी बघायची तयारी ठेवावी, एवढा साधा हिशेब आहे. आणि आपल्या खोऱ्यात २००५, २००६, २०१९, २०२१ असे पूर लागोपाठ बघितल्यावर जुन्या नोंदींवरून काढलेली रेषासुद्धा पुन्हा तपासायला हवी.

दुसरं, ही रेषा गावपातळीवर कशी काढायची. त्याला उपग्रह लागत नाही. गवंड्याकडं असते ती लेव्हल पाईप लागते. पारदर्शक पाईप, पन्नास फुटांची, आत पाणी भरायचं, बुडबुडा राहता कामा नये. पाण्यात थोडी हळद टाकली की पातळी लांबून दिसते. एखाद्या भिंतीवर २०१९ ची खूण पक्की माहीत असेल तर पाईपचं एक टोक त्या खुणेला धरायचं, दुसरं टोक घेऊन दुसऱ्या माणसानं पुढच्या घरापर्यंत जायचं. पाणी स्थिर झालं की दोन्ही टोकांना ते एकाच उंचीवर असतं. तिथं खडूनं रेघ, मग ऑइल पेंट. तिथून पुढचं घर. प्रत्येक घरात जोत्यापासून ती रेघ किती वर आहे ते वहीत लिहायचं. जोत्याच्या खाली असेल तर धान्य उचलायला वेळ मिळतो. कमरेच्या वर असेल तर त्या घरातला म्हातारा माणूस आदल्या दिवशीच हलवला पाहिजे. एक सांभाळा: वाहत्या पुराचा माथा नदीच्या उताराबरोबर खाली येतो, सपाट राहत नाही. म्हणून एका खुणेवरून फार लांब जाऊ नका. दर दोन-तीन गल्ल्यांना नवी खातरीची खूण शोधा.

तिसरं म्हणजे घरं. पुरात घर वाहून जात नाही, बसतं. पांढऱ्या मातीची किंवा कच्च्या विटांची भिंत दोन दिवस पाण्यात राहिली की खालून मऊ होते आणि पाणी ओसरल्यावर, ऊन पडल्यावर कोसळते. माणसं "पाणी गेलं" म्हणून परत येतात आणि तेव्हाच दगावतात. भिंतीला पोट आलंय का, कोपऱ्यात तिरकी भेग आहे का, तुळईचं टोक भिंतीतून सरकलंय का, हे बघितल्याशिवाय आत झोपू नका. निपाणीत पाणी आलं नाही तरी सलग झडीत जुने वाडे असेच पडतात.

भूकंपाचंही लिहितो, कारण तो कुणी मनात धरत नाही. बेळगाव जिल्हा भूकंपाच्या नकाशावर तिसऱ्या झोनमध्ये आहे, म्हणजे मध्यम धोका. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा धक्का आपल्याकडच्या जुन्या माणसांना आजही आठवतो. किल्लारीचा भाग १९९३ साली सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता, तरी हजारो माणसं गेली. त्यांना मारलं ते दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि वर रचलेल्या मातीच्या धाब्यानं. पुरासाठी घरांची यादी करणारच आहात तर भिंत कशाची, छप्पर कशाचं, हे दोन रकाने वाढवा. एकाच फेरीत दोन्ही धोक्यांचं काम होईल.

---

गल्ली_नं_३

एवढं सगळं ठीक, पण मूळ कारण कृष्णेवरचं अलमट्टी धरण आहे ना? तिथं पाणी अडवतात म्हणून आपण बुडतो.

---

बांधकामवाला

भाऊ, हा वाद इथं मिटणार नाही, म्हणून थोडक्यात. अलमट्टीची सध्याची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आहे आणि ती ५२४.२५६ पर्यंत न्यायची कर्नाटकाची मागणी आहे. महाराष्ट्राचा विरोध आहे. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्रानंच नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये अहवाल दिला, त्यात त्या पुराला अलमट्टी किंवा हिप्परगीचा बंधारा कारणीभूत नाही असा निष्कर्ष होता. उंची वाढवली तर काय होईल हा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे, त्यावर अभ्यास झालाच पाहिजे. पण अलमट्टीत काहीही ठरलं तरी निपाणीच्या कोणत्या गल्लीत डायलिसिसचा पेशंट आहे हे आपल्यालाच शोधावं लागणार.

---

सिस्टर_निपाणी

बांधकामवाले सर, तुमच्या शेवटच्या ओळीवरूनच लिहिते. मी नर्स आहे. दवाखान्याचं नाव लिहीत नाही.

पूर आला की आमच्याकडं आधी बुडालेली माणसं येत नाहीत. येतात ती रोजचं औषध संपलेली. बीपीची, साखरेची, फिटची गोळी चार दिवस चुकली की माणूस अत्यवस्थ होऊन येतो. डायलिसिसवाल्याला आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं. तो कोल्हापूरला जात असेल आणि यमगर्णीला रस्ता बंद झाला, तर उरतो बेळगावचा रस्ता. तो तवंदी घाट चढून, पुढं संकेश्वरला हिरण्यकेशी ओलांडून. तीही त्याच पावसात फुगलेली असते. अशा माणसाला पाणी रस्त्यावर यायच्या आधीच, ज्या बाजूला दवाखाना आहे त्या बाजूच्या नातेवाइकांकडं पाठवायला हवं. हे आधी ठरलेलं असेल तरच होतं.

बाळंतपणाचंही तसंच. आशा ताईंकडं तायी कार्डवरून (गरोदर बाईचं नोंदकार्ड) सगळ्या तारखा असतात. जुलै-ऑगस्टच्या तारखा असलेल्या बायकांची यादी जूनमध्येच निघू शकते. नवीन सर्व्हे करायची गरज नाही, फक्त त्या याद्या कुणीतरी नकाशाशेजारी ठेवायला हव्यात. सापाचं विसरू नका. पाणी वाढलं की साप उंच जागा धरतात, म्हणजे माणसांच्याच जागा. सापाच्या विषावरची लस शहरात किती आहे, हेही रस्ता बंद व्हायच्या आधी मोजायचं.

आणि एका गोष्टीकडं कुणाचं लक्ष जात नाही. विडी वळणाऱ्या बायका. त्यांची मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागं. पान-तंबाखू आला तर काम, काम झालं तर पैसा. रस्ता बंद, कारखाना बंद, की त्या आठवड्याची चूल बंद. घर गळत असेल तर आणलेलं पान भिजतं, भरपाई कुणी देत नाही. घर पडलं तर पंचनामा होतो, ए-बी-सी श्रेणी लागते. बुडालेल्या मजुरीला रकानाच नाही. मोजणी करताना या गल्ल्यांचा आकडा मोठ्या अक्षरात लिहा, ही माझी विनंती.

---

वेदगंगाकाठ

ताई, तुमच्या पोस्टनं माझ्या नकाशाचा क्रमच बदलला. मी रस्ते आणि पूल आधी धरले होते. आता आधी माणसं, मग त्यांचे रस्ते.

---

खानापुरी

आमच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातून एक गोष्ट सांगतो. आमगाव, गवाळी, कोंगळा या बाजूची गावं महापूर नसतानाही पावसाळाभर तुटलेलीच असतात. आजारी माणसाला चिखलातून, ओढ्यावरच्या साकवावरून खांद्यावर आणावं लागतं. आमगावला २०१० साली वर्षभरात दहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेलाय. तुम्ही ज्याला आपत्ती म्हणता तो आमचा श्रावण आहे. पण त्यातून एक शहाणपण आलंय. रोहिणीतच चार महिन्यांचं धान्य, मीठ, रॉकेल, जळण भरून ठेवायचं. सात महिन्यांची गरोदर बाई पावसाआधी माहेरी किंवा खानापुरात. हे कुणी आदेश काढून होत नाही, रीतच आहे. निपाणीसारख्या शहरात दुकान कोपऱ्यावर असतं म्हणून ही रीत राहिली नाही.

इशाऱ्याबद्दल: कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत, राज्याचं आपत्ती निरीक्षण केंद्र त्यांचे आकडे देतं. कणकुंबीला किती पडला हे बघून आम्ही मलप्रभेचा अंदाज बांधतो. तुमची अडचण अशी की तुमच्या नदीचा पाऊस दुसऱ्या राज्यात पडतो. तुम्हाला भुदरगड-राधानगरीचे आकडे बघावे लागणार, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचा रोजचा अहवाल. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याची पातळीही बघा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. तिथं ४३ झालं की कल्लोळला वाढ येणार हे धरून चालायचं.

आणि वळवाच्या पावसात वीज. रानातली माणसं झाडाखाली थांबतात आणि जीव गमावतात. पुण्याच्या संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, आपल्या राज्याचं 'सिडिलू' आहे, जवळपास वीज पडायची शक्यता असली की कळतं. गावात एकाच्या मोबाईलमध्ये असलं आणि त्यानं भोंग्यावरून सांगितलं तरी पुरे.

---

कारदगेकर

भोंग्यावरनं सांगायचं ते मराठीत सांगा म्हणावं. २०२१ ला मेसेज आला तो कन्नडमधनं, आमच्या म्हातारीला पोरगं घरात असल्याशिवाय कळायचा न्हाई. कन्नड असू द्या की, आमची तक्रार न्हाई. त्याच्याखाली दोन ओळी मराठी.

---

वेदगंगाकाठ

कारदगेकर, ही मागणी वाजवी आहे आणि नवीनही नाही. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे धोरण जुनंच आहे. पुराच्या इशाऱ्याइतकी महत्त्वाची दुसरी सूचना कोणती? जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या अर्जात हा मुद्दा घालतोय. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्ह्याचा आराखडा करणं बंधनकारक आहे, जिल्हाधिकारी त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. आपला गल्लीवार कागद त्यांच्याकडं आणि नगरपालिकेकडं देऊ. आराखड्यात निपाणी तालुक्याच्या पानावर बुडणाऱ्या गावांबरोबर "तुटणारं शहर" ही नोंद यावी, एवढं मागायचं.

हायवेबद्दल कुणी लिहिलं नाही, मी लिहितो. सहापदरीच्या कामात नदीकाठच्या शेतकऱ्यांची मागणी आहे की भरावाऐवजी पिलरचा पूल हवा. शहरातल्या लोकांनी हा शेतकऱ्यांचा प्रश्न म्हणून सोडून देऊ नये. भराव उंच केला तर रस्ता कदाचित चालू राहील, पण पाणी पसरायची वाट अडून वरच्या अंगाची गावं जास्त बुडतील. पिलर असतील तर रस्ताही चालू आणि पाणीही चालू. शहराचा आणि गावांचा फायदा एकाच ठिकाणी आहे असे मुद्दे थोडे असतात. इथं आपण त्यांच्या बाजूनं उभं राहायला हवं.

कामाची वाटणी करतोय. ओढ्याची चाल शहरातल्या पोरांनी करायची. औषधं आणि तारखांच्या याद्या सिस्टर आणि आशा ताई बघतील. याद्यांत माणसांची नावं नकाशावर येणार नाहीत, फक्त गल्ली आणि आकडा. नावं आशा ताईंच्या वहीतच राहतील. घरांचे रकाने बांधकामवाले सर करून देतात का?

---

बांधकामवाला

देतो. एका पानात बसेल असा तक्ता करतो: भिंत, छप्पर, जोत्याची उंची, घरात उचलून न्यावं लागेल असं कुणी आहे का, जनावरं किती, जवळची उंच जागा कोणती. यापेक्षा जास्त विचारलं तर लोक कंटाळतात आणि काहीतरी सांगून मोकळे होतात.

---

सिस्टर_निपाणी

त्यात "रोजचं औषध चालू आहे का, किती दिवसांचं घरात आहे" एवढं एक घाला सर.

---

बांधकामवाला

घातलं.

---

कारदगेकर

पाईप माझ्याकडं हाय, घर बांधताना घेतलेली. आमच्या गल्लीत तिघांच्या भिंतीवर २०१९ ची खूण हाय, एकानं तर खाली २००५ चीबी ठेवलीया, दोन्हीतलं अंतर बघून घ्या. रविवारी सकाळी या, दुपारी वारं सुटलं की पाईपातलं पाणी हलतंय. येताना ऑइल पेंट घेऊन या, निळा नको, पांढऱ्या चुन्यावर लाल उठून दिसतोय.